एकच लेबल, आत दोन वेगळ्या चिप: जळगावच्या मे महिन्यात उघडं पडलेलं रॅम ओव्हरक्लॉकिंग

चूक माझी होती हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना दुकानदाराला नाहीतर रॅमच्या कंपनीला शिव्या घालायचा मोह होणार नाही.

मशीन माझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं. जळगावला असतो, लग्नाचे व्हिडिओ शूट करतो आणि घरच्याच एका खोलीत बसून एडिट करतो. रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ८-८ जीबीच्या डीडीआर४ रॅमच्या दोन स्टिक. पहिली स्टिक मशीनबरोबर आली, दुसरी सातआठ महिन्यांनी घेतली, तोच ब्रँड तोच पार्ट नंबर तोच काळा हीटस्प्रेडर, लेबलवर तेच ३२०० (वेग), १६-१८-१८-३६ (टायमिंग, म्हणजे एकेका कामासाठी किती क्लॉक थांबायचं ते, आकडा कमी तेवढी रॅम चपळ), १.३५ व्होल्ट. शेजारी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. आम्हीच काय, कुणीही फसलं असतं, असं मी स्वतःला आजपण समजावतो.

जानेवारीत मी पुण्याहून गेलो होतो चार दिवस, काम काही नव्हतं, दादा म्हणाला एक्सपोर्ट फार वेळ खातं रे, बघ काय होतंय का. आता मला हे एवढं निमित्त पुरतं. रायझन ३००० मालिकेत रॅमचा क्लॉक आणि प्रोसेसरचे आतले भाग जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक एकास एक चालले की फायदा होतो, आणि बहुतेक प्रोसेसर १८०० मेगाहर्ट्झ फॅब्रिकपर्यंत जातात, म्हणजे रॅम ३६०० वर, कारण डीडीआर एका क्लॉकला दोनदा डेटा पाठवते. एएमडी अधिकृतपणे ३२०० पर्यंतच हमी देते, त्याच्या वरचं सगळं आपल्या जबाबदारीवर. ते माहीत होतंच.

तर मी काय केलं, थायफून बर्नर हा प्रोग्राम उघडला, स्टिकवर तिची माहिती साठवणारी जी छोटी एसपीडी चिप असते ती वाचली, तिच्यात लिहिलेलं आलं मायक्रॉन, ८ गिगाबिट, ई-डाय (डाय म्हणजे चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा, अक्षर त्याच्या आवृत्तीचं). मी खूश, कारण मायक्रॉनची ८ गिगाबिटची रिव्हिजन ई ही गरिबांची लॉटरी, स्वस्तात मिळायची आणि ३६०० ला सहसा नाही म्हणत नाही. आणि इथेच मी थांबलो. त्या प्रोग्राममध्ये स्लॉटप्रमाणे पत्ते असतात, दादाच्या बोर्डात दोन स्टिक ५१एच आणि ५३एच वर दिसत होत्या, मी ५१एच वाचलं आणि ५३एच वर क्लिकसुद्धा केलं नाही. लेबल तेच आहे ना मग झालं. शितावरून भाताची परीक्षा करतात ती एकाच पातेल्यातल्या भाताची, माझ्या डोळ्यासमोर पातेली दोन होती.

स्टिक विकणाऱ्या कंपन्यांपैकी बहुतेक जण मेमरीच्या चिप स्वतः बनवत नाहीत. चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात, नान्यासारखे एकदोन लहान आहेत. स्टिकवाला वचन देतो ते फक्त लेबलवरच्या आकड्याचं, की ३२०० ला १६-१८-१८ वर १.३५ व्होल्टमध्ये चालेल. आत कुठल्या चिप घातल्या हे त्याने सांगितलेलं नसतं, त्या महिन्यात ज्या मिळाल्या त्या. त्यात फसवणूक काही नाही, आपण लेबलच्या पलीकडे जातो तेव्हा आपल्याला आत काय आहे ते लागतं, त्याला नाही. काही ब्रँड लेबलवर माग सोडतात, कोर्सेअरच्या स्टिकरवर व्हर्जन नंबर असतो त्यातला पहिला आकडा ३ म्हणजे मायक्रॉन, ४ म्हणजे सॅमसंग, ५ म्हणजे हायनिक्स, आणि ४.३१ दिसलं की लोक नाचायला लागतात कारण ती सॅमसंगची बी-डाय, ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची लाडकी. जी.स्किलच्या स्टिकरवर ०४२ ने सुरू होणारा कोड असतो, तो १०बी ने संपला की तीच बी-डाय. दादाच्या स्टिकवर असलं काहीच नव्हतं, नुसता पार्ट नंबर आणि बारकोड.

लेबलवरच्या टायमिंगवरूनही थोडा अंदाज येतो. ३२०० ला १४-१४-१४ नाहीतर ३६०० ला १६-१६-१६ असे सपाट आकडे असतील तर बी-डाय असायची शक्यता जास्त, कारण टीआरसीडी (दुसरा आकडा) सीएलच्या (पहिल्या आकड्याच्या) बरोबरीने खाली आणणं बाकीच्या ८ गिगाबिटच्या चिपना फारसं जमत नाही. दादाचं १६-१८-१८, म्हणजे बी-डाय नसणार एवढंच कळतं, बाकी पाचसहा प्रकारांपैकी काहीही असू शकतं.

जानेवारीची सेटिंग अशी. ३६००, सुरुवात १६-१९-१९-३६ ने केली, ई-डायला ही काही जड नाही. रॅम तपासणारं टेस्टमेम ५ लावलं तर दहा मिनिटांत एरर. बरं, व्होल्टेज वाढव, १.३८ चे १.४२ केले, एरर वाढल्या. वाढल्या! तेव्हा मी म्हटलं दादाचा बोर्ड स्वस्तातला आहे, नाहीतर प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर कमजोर असेल, आणि १.४० वर आणून टायमिंग १६-२०-२०-४० केलं, टीआरएफसी (हे काय ते पुढे सांगतो) ५६०, तर एरर बंद. रात्री दोन वाजता टेस्ट लावली, सकाळी पोहे खाताना पाहिलं तर सगळं हिरवं. एडा ६४ मध्ये लेटन्सी, म्हणजे रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ, ७३ नॅनोसेकंदावरून ६७ वर आली होती, मी स्क्रीनशॉट काढला, दादाला दाखवला, दादाने मान डोलावली आणि वहिनीला विचारलं चहा आहे का.

ई-डायला व्होल्टेज वाढवून त्रास होत नाही. ती १.४५ पण आरामात घेते, सीएल खाली यायला मदतच होते, टीआरसीडीला फारसा फरक पडत नाही एवढंच. म्हणजे व्होल्टेज वाढवल्यावर एरर वाढल्या याचा अर्थ समोर ई-डाय नाहीये, निदान दोन्हीकडे नाहीये, हे मला त्या रात्रीच दिसायला पाहिजे होतं. नाव वाचून मी चिप ओळखली आणि चिप स्वतः सांगत होती ते ऐकलंच नाही.

फेब्रुवारी मार्च काही नाही. एप्रिलच्या शेवटी दादाचा फोन, मशीन मधूनच निळी पडते. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा तिसरंच काहीतरी. आधी त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, मग एडिटिंगचा सॉफ्टवेअर बदलला, मग गावातल्या एकाकडून विंडोज नवीन टाकून घेतली, तीसुद्धा पहिल्या वेळी मध्येच फाइल खराब म्हणून अडली. आता दरवेळी वेगळा कोड येतोय आणि इन्स्टॉलर फाइल खराब सांगतोय म्हटल्यावर रॅमकडे बोट जायला पाहिजे, पण रॅम तर मी रात्रभर तपासली होती ना. मीच त्याला फोनवर सांगितलं की दादा रॅम सोडून दुसरं बघ. हे वाक्य मला अजून टोचतं. आणखी एक गोष्ट त्याने बोलता बोलता सांगितली, की सकाळी आठ ते अकरा व्यवस्थित चालते भो, दुपारचं जेवण झालं की नाटकं सुरू. मी हसलो. पुरावा तोच होता सगळा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून गेलो. ज्यांनी मे महिन्यातलं जळगाव पाहिलेलं नाही त्यांना काय सांगू, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. एडिटिंगची खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रे नाहीत स्लॅब आहे पण तो स्लॅब दिवसभर तापतो, कूलर आहे तो दादाच्या तोंडावर, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटून. भिंतीवरचं घड्याळ तापमानपण दाखवतं, दुपारी अडीचला खोलीत ४१.

सगळ्यात आधी रॅम किती तापते हे मोजायचं होतं. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमान कळायची सोय असतेच, डीडीआर४ मध्ये ते कंपनीच्या मर्जीवर, दादाच्या स्टिकमध्ये नव्हतं. घरात कोविडच्या वेळची कपाळाला लावायची गन होती, ती बेचाळीसच्या वर गेली की नुसतं हाय लिहून मोकळी होते. मग खालच्या गल्लीतल्या एसी दुरुस्तीवाल्याकडून त्याची इन्फ्रारेड गन आणली. एक सांगतो, चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन मारली तर ती चक्क खोटं बोलते, धातू स्वतःची उष्णता नीट सोडत नाही आणि आजूबाजूचं परावर्तन देतो, त्यामुळे आकडा कमी येतो. काळा पेंट असला तरी मी खात्री म्हणून दोन्ही हीटस्प्रेडरवर वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला आणि त्याच्यावरच नेम धरला. दुपारी एक्सपोर्ट चालू असताना ६१ अंश. कारण साधं होतं, ग्राफिक्स कार्ड खालून गरम हवा वर फेकतं ती थेट स्टिकवर. आणि जानेवारीत मी टेस्ट केली तेव्हा खोली होती अठराएक अंश, रात्रीचे दोन, आणि ग्राफिक्स कार्ड झोपलेलं.

उष्णतेने रॅमला काय होतं ते थोडक्यात. प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत राहतो, म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदात एकदा तरी परत भरावी लागते, त्यासाठी त्या वेळात ८१९२ वेळा रिफ्रेशची आज्ञा जाते, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. टीआरएफसी म्हणजे त्या एका रिफ्रेशला दिलेला वेळ. ८ गिगाबिटच्या चिपला मानकात ३५० नॅनोसेकंद सांगितलेत, ३६०० वर ते होतात ६३० क्लॉक. मी दिले होते ५६०, म्हणजे ३११ नॅनोसेकंद. ई-डायला २९० ते ३१० चालतं, हायनिक्सच्या सीजेआर चिपला २६० ते २८०, बी-डाय तर १६०-१८० वर पण उड्या मारते, म्हणून आकडा ऐकायला काही आक्रमक नव्हता. पण चिप तापली की गळती वाढते, आणि भरायला वेळ कमी दिलेला असला की जे जानेवारीत जेमतेम पुरत होतं ते मेमध्ये पुरत नाही.

आता तपासणी. पहिलं काम रॅम सोडून बाकीचे संशयित बाजूला काढायचं. रॅम ३२०० वर ठेवून फॅब्रिक एकटं १८०० वर नेलं, प्रोसेसरवर आणि ग्राफिक्सवर लोड दिला, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, १९ नंबरच्या नोंदी येतात का पाहिलं, फॅब्रिक कुरकुरत असेल तर त्या तिथे दिसतात. तासभर काही नाही. फॅब्रिक सुटलं.

मग ५३एच वर क्लिक केलं. चार महिने उशिरा.

मॉड्यूल बनवणारा तोच. चिप बनवणारा सॅमसंग. डायच्या जागी काही नाही, रिकामं. एसपीडीमध्ये ५१२ बाइट असतात, त्यात स्टिकवाल्याचं नाव ३२०-३२१ व्या बाइटला आणि चिपवाल्याचं ३५०-३५१ व्या बाइटला, पुढचा ३५२ वा बाइट चिपच्या स्टेपिंगचा, तो बरेच जण भरतच नाहीत. आणि तो रिकामा असला की प्रोग्राम जे डायचं नाव दाखवतात तो बाकीच्या आकड्यांवरून बांधलेला अंदाज असू शकतो, म्हणून कंपनीचं नाव बघून विश्वास ठेवायचा, डायच्या नावावर लगेच नाही. लिनक्सवाल्यांनी ईई१००४ मॉड्यूल लोड करून डीकोड-डिम्सने हेच वाचावं, कच्चे बाइट समोर येतात, अंदाज नाही.

सॅमसंग म्हटल्यावर प्रश्न एवढाच की बी का सी. टायमिंग सांगत होतं बी नाही. खात्री करायची तर हीटस्प्रेडर काढायचा. वॉरंटी जाते आणि घाईने ओढलं तर चिपच पॅडबरोबर उखडून येऊ शकते, म्हणून कुणी करा असं म्हणत नाही. वहिनीचा हेअर ड्रायर घेतला, मध्यम गरम, तीनचार मिनिटं फिरवून फिरवून, मग जुनं एटीएम कार्ड कडेने सरकवत गेलो. एक बाजू सुटली आणि आत कोरा हिरवा पीसीबी, वर नुसता फोमचा पट्टा चिकटवलेला. आठ जीबीच्या स्टिकमध्ये ८ गिगाबिटच्या आठच चिप, सगळ्या एकाच बाजूला, आणि मी नेमकी दुसरी बाजू उघडली. दादा मागून म्हणाला, अरे यात तर काहीच नाहीये, फसवलं वाटतं आपल्याला. त्याला समजावेपर्यंत ड्रायर पुन्हा तापवला. दुसऱ्या बाजूला पॅडचा राखाडी चिकट थर, तो अंगठ्याने हळू पुसला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा अक्षरं दिसली, वरच्या ओळीत के४ए८जी०८ आणि खालच्या ओळीत ५डब्ल्यूसी. सॅमसंगचा नंबर असा दोन ओळीत तुटतो, शेवटचं अक्षर बी असतं तर बी-डाय, सी म्हणजे सी-डाय. मायक्रॉनच्या चिपवर एवढा मोठा नंबर नसतो, पाच अक्षरी कोड असतो, उदाहरणार्थ डी९व्हीपीपी, तो मायक्रॉनच्याच साइटवर टाकला की पूर्ण पार्ट नंबर मिळतो, त्या उदाहरणात एमटी४०ए१जी८एसए-०७५:ई, शेवटचं ई म्हणजे रिव्हिजन. पहिली स्टिक मी उघडली नाही, तिची काही तक्रारच नव्हती.

सी-डाय म्हणजे कोण, तर बी-डायची धाकटी, नाव सॅमसंगचं पण स्वभाव उलटा. १.३५ च्या पुढे व्होल्टेज दिलं की अनेकदा सुधारण्याऐवजी बिघडते. जानेवारीत १.४२ ला एरर का वाढल्या त्याचं उत्तर हे. बोर्डात दोन्ही स्टिकना व्होल्टेज एकच, टायमिंगही एकच, म्हणजे मी एकीला आवडतं म्हणून जे वाढवत होतो तेच दुसरीला गुदमरवत होतं.

तरी नाव वाचून पुन्हा निकाल द्यायचा नाही, एवढं शिकलो होतो, म्हणून दोघींना एकेक करून बसवलं, एकाच स्लॉटमध्ये, प्रोसेसरपासून दुसऱ्या. स्लॉट बदलला तर तुलनाच बाद. टेस्टची वेळ मुद्दाम दुपारी एक ते पाच, कॅबिनेट बंद, टेबलाखाली जिथे असतं तिथेच, टेस्टमेम ५ वर अँटा७७७ एक्स्ट्रीम ही कॉन्फिग आणि बरोबरीने ग्राफिक्स कार्डवर फरमार्क, म्हणजे गरम हवेचा झोत स्टिकवर चालू. लोकं रॅमची टेस्ट करताना बाकी मशीन शांत ठेवतात, एक्सपोर्ट करताना ती शांत असते का?

मायक्रॉनवाली एकटी, जानेवारीची तीच सेटिंग, तीन फेऱ्या, शून्य एरर. मग जानेवारीत नापास झालेलं १६-१९-१९ दिलं, टीआरएफसी ५४०, तेही पास. बिचारी पहिल्यापासून तयार होती.

सॅमसंगवाली एकटी, जानेवारीची सेटिंग, सहाव्या मिनिटाला पहिली एरर. १.४४ व्होल्ट दिले तर विंडोजच्या लॉगिनपर्यंत पोचून निळी. १.३५ वर आणली, बाकी सगळं तेच, तर पहिली एरर ३८ व्या मिनिटाला, म्हणजे व्होल्टेज कमी करून सुधारली, जे माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला कारण आपल्याला उलट शिकवलेलं असतं. मग टीआरएफसी ६३०, तर पावणेदोन तास स्वच्छ आणि नंतर एकच एरर. आता ही एक एरर फार वाईट असते बरं का. माणूस म्हणतो एकच तर आहे, जाऊ दे. स्थिर म्हणजे शून्य, एक आणि हजार दोन्ही एकाच खात्यात. शेवटी १८-२२-२२-४२, ६३०, १.३५ वर ती गप्प झाली, दोन दुपारी सलग. टेस्टमेममध्ये कुठल्या नंबरची एरर आली त्यावरून कुठलं टायमिंग चुकलं हे सांगणारे तक्ते फिरत असतात, मी पाहिले, माझ्या सहा एररना त्यांनी चार वेगळी कारणं दिली, मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तेवढीच टेस्ट लावा, वेळखाऊ आहे पण निदान स्वतःशी वाद होत नाही.

मधेच लाइटपण जायची, जळगावात दुपारी ते आलंच, आणि त्याचा एक फायदा झाला. बोर्ड पूर्ण बंद होऊन चालू होतो तेव्हा मेमरीचं ट्रेनिंग नव्याने होतं, नुसत्या रीस्टार्टमध्ये पास झालेली सेटिंग कोल्ड बूटनंतर कधी कधी वेगळी वागते. मी जानेवारीत एकदाही प्लग काढून पाहिलं नव्हतं. या वेळी महावितरणने माझ्यासाठी तीन कोल्ड बूट फुकट करून दिले. दोन्ही स्टिक एकत्र लावून, प्रत्येक वेळी अर्धा तास टेस्ट, आणि शिवाय वाय-क्रंचरची व्हीटी३ ही टेस्ट, जी मेमरी कंट्रोलरला चांगली घुसळते. पास.

संध्याकाळी गच्चीवर बसून दादाला हिशोब सांगितला. बारा मिनिटांचा एक हायलाइट व्हिडिओ मी तिन्ही सेटिंगवर एक्सपोर्ट करून पाहिला होता. एक्सएमपी, म्हणजे कंपनीने स्टिकमध्येच भरून दिलेली लेबलवरची सेटिंग, ३२०० वर ९ मिनिटं ४२ सेकंद. जानेवारीच्या सेटिंगवर, तो मध्ये कोसळला नाही तर, ९ मिनिटं ३१ सेकंद. आताच्या ढिल्या ३६०० वर ९ मिनिटं ३७. गेममध्ये, जिथे प्रोसेसर अडतो तिथे, हा फरक नीट जाणवतो, एक्सपोर्टमध्ये काम ग्राफिक्स कार्ड आणि एन्कोडर करतात, रॅमला कोण विचारतो. दादा म्हणाला, म्हणजे अकरा सेकंदासाठी तू माझा सीझन खाल्ला. म्हटलं ताणलेले अकरा, सुरक्षित म्हटले तर पाचच. मी दुसरी मायक्रॉनवाली स्टिक शोधून देतो म्हणालो, त्याने हात जोडले. एक्सएमपी चालू केलं, ३२०० वर पण एक दुपार त्याच तापलेल्या खोलीत टेस्ट लावली, कारण छापलेला आकडा आहे म्हणून सोडून द्यायचं हे आता मला जमत नाही. तीपण शून्य. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं तर स्टिकचं तापमान ६१ वरून ५५ वर आलं, हे काम जानेवारीत दोन मिनिटांत झालं असतं.

पण खरं काम राहिलंच होतं. निळा स्क्रीन बरा, तो ओरडून सांगतो. जानेवारी ते मे, मुहूर्ताचा सगळा सीझन, कार्डवरचं फुटेज या मशीनमधून एसएसडीवर आणि एसएसडीवरून बॅकअपच्या हार्डडिस्कवर गेलं होतं. कॉपी होणारी फाइल रॅममधून जाते, तिथे एक बिट उलटला की तसाच डिस्कवर लिहिला जातो, कुणी काही बोलत नाही. कॉपीनंतर लगेच व्हेरिफाय केलं तरी ते कधी कधी डिस्कवरून न वाचता रॅममधल्या कॅशमधूनच वाचतं, म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावल्यासारखं. म्हणून दोन्ही डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडल्या आणि प्रत्येक फाइलचा हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, एक बिट बदलला तरी बदलतो) काढून जोड्या लावल्या, दीड दिवस लागला. सात क्लिप जुळल्या नाहीत. सातही बॅकअपवर खराब, एसएसडीवर ठीक, परत कॉपी केल्या, सुटलो.

आठवी मात्र हॅशने सापडणारी नव्हतीच, कारण ती कार्डवरून एसएसडीवर येतानाच बिघडली होती आणि बॅकअपने तो बिघाड इमानदारीने जसाच्या तसा उतरवून घेतला, दोन्हीकडे हॅश तंतोतंत सारखा. कार्ड कधीच फॉरमॅट झालेलं. ती दादाला एडिट करताना डोळ्यांनी दिसली, मंगलाष्टकं संपत आलीत, अंतरपाट खाली यायला लागतो आणि नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे-जांभळे चौकोन, पुढची कीफ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र असलेली फ्रेम, येईपर्यंत, दोनएक सेकंद. दादाने तिथे दुसऱ्या कॅमेऱ्यातला अक्षता उधळणाऱ्या हातांचा क्लोजअप टाकला आणि आवाज तसाच चालू ठेवला. नवरीच्या आईला नेमका तोच शॉट आवडला म्हणे.